भिंत, त्रिकोण आणि दोन सासवा

माझं नाव ब्येक्वासो. आमच्या भाषेत ब्येक्वासो म्हणजे सबबी. नाव मी निवडलेलं नाही, आजोबांचं माझ्याकडे आलं. पण मित्याना ह्या आमच्या गावातल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवताना त्याने माझा फार छळ केला. गृहपाठ न आणलेल्या पोरांना मी 'मला सबबी नकोत' असं म्हणालो की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारायचं, "मग सर, तुम्ही चाललात?"

हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या स्वयंपाकघराच्या प्रकरणात चूक माझीच होती असं सगळी आळी म्हणते, आणि त्यावर मी काहीही बोललो तरी लोक त्याला माझं नाव देणार आहेत. देऊ देत. मी नकाशासकट सगळं सांगतो, मग काय ते ठरवा.

सुरुवात एका शब्दापासून झाली. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा मी सासूबाईंना शब्द दिला होता की तुमच्या लेकीला मी बिनधुराचं स्वयंपाकघर बांधून देईन. अर्थात हा शब्द मी भिंतीआडून दिला. आमच्यात जावयाने सासूच्या समोर यायचं नसतं. एका खोलीत बसायचं नाही, हात मिळवायचा नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही. ह्याला ओबुको म्हणतात, आणि तो मोडला की माणसाचे हात कापायला लागतात असं मोठी माणसं सांगतात. मी गणिताचा माणूस, एरवी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतो. सासूच्या बाबतीत पुरावा मागणारा जावई मात्र मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या घरात ह्याची सोय आपोआप झाली होती. पुढे बैठकीची खोली, मागे एक लहान खोली, मधे भिंत. सासूबाई वर्षातून दोनदा यायच्या, त्या थेट मागच्या दाराने मागच्या खोलीत. तिकडून त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या, इकडून मी. मग तासन्‌तास गप्पा. कॉफीला यंदा फुलोरा कसा आहे, कुठली शेळी व्याली, कोण वारलं, कोण वारायला हवं होतं आणि अजून वारलं नाही. मी त्यांना 'मा' म्हणतो. मांचा चेहरा मी सव्वीस वर्षांत धड पाहिलेला नाही, पण त्यांचं हसणं मी हजारांत ओळखेन. खरं सांगायचं तर आमच्या घराण्यात माझे विनोद समजणारी तेवढी एकच व्यक्ती होती.

आणि तीन वर्षांपूर्वी त्या एकाएकी बोलायच्या बंद झाल्या.

मी नेहमीसारखा भिंतीला टेकून विचारायचा, "कशा आहात, मा? वाटेत त्रास नाही ना झाला?" पलीकडून काही नाही. फक्त त्यांचा रेडिओ, तोही असा मोठा की रस्त्यावरच्या माणसालाही बातम्या कळाव्यात. म्हटलं, मुद्दाम लावतात, माझा आवाज कानावर पडू नये म्हणून. बायकोला, म्हणजे नाकाफेरोला, विचारलं तर ती केळी सोलता सोलता म्हणाली, "आईशी जरा मोठ्याने बोलत जा." मला राग आला. मी सासूवर आवाज चढवणाऱ्यांतला माणूस नाही.

कारण मला ठाऊक होतं. घरामागे मातीच्या भिंतींची एक झोपडी होती, तीन दगडांची चूल, वर काळा कुळकुळीत पत्रा. त्यात नाकाफेरो सव्वीस वर्षं धूर खात होती. संध्याकाळी बाहेर यायची तेव्हा डोळे असे लाल की नवखा माणूस विचारायचा, घरात कोणी गेलं का. दवाखान्यातल्या नर्सनेही सांगून झालं होतं की डोळे सांभाळायचे असतील तर धुरापासून लांब राहा. आणि मी दर वर्षी म्हणत होतो, पुढच्या वर्षी. सासूबाईंनी तेवीस वर्षं वाट बघितली आणि मग तोंड फिरवलं, भिंतीआड जेवढं फिरवता येतं तेवढं. मला ते फार लागलं. कोणाला सांगितलं नाही, पण लागलं.

तेवढ्यात आमच्या लेकीचं, नालुलेचं, लग्न जमलं. मुलगा मुग्वान्या, गुरांचा डॉक्टर, उंच आणि मितभाषी. त्याच्याकडच्या मंडळींनी आमच्या घरी येऊन रीतसर ओळख देण्याचा दिवस, म्हणजे क्वान्जुला, सहा आठवड्यांवर आला. त्या दिवशी पाहुण्यांचं जेवण अंगणात मांडवाखाली असतं. पण आमच्या घराण्यात जावई पहिला घास घरात खातो, आणि केळीच्या पानात वाफवलेली ती कोंबडी मुलीच्या आईनेच शिजवायची असते. मी जेवताना जाहीर केलं की ती कोंबडी नव्या स्वयंपाकघरात शिजेल. नालुले माझ्याकडे बघत राहिली. नाकाफेरोने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "धुराला वाट आणि मला बसायला जागा. एवढंच करा, नालुलेचे बाबा. दुसरं काही नको."

मी ताबडतोब वही काढून लिहून घेतलं. एक, खिडकी. दोन, स्टूल.

आता माझ्या वहीबद्दल आळीत जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे. मी चार आठवडे अभ्यास केला. शाळेच्या ग्रंथालयात गृहशास्त्राचं एक पुस्तक होतं, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की आदर्श स्वयंपाकघर म्हणजे त्रिकोण. शेगडी हा एक बिंदू, मोरी दुसरा, धान्याचं कपाट तिसरा. तिन्ही बाजू आखूड ठेवल्या की बाईची पायपीट वाचते. त्रिकोण हा शब्द वाचून माझ्या मनाची काय अवस्था झाली हे गणित न शिकवलेल्याला कळणार नाही. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो होतो की त्रिकोण आयुष्यात उपयोगी पडतो, आणि एकतीस वर्षं ती हसत आली होती.

पायपीट किती होते हे आधी मोजायला हवं होतं. त्यासाठी मी टेप घेऊन झोपडीत शिरलो. पुरुषाने चुलीपाशी जायचं नाही ही आमच्याकडची रीत मला माहीत नव्हती असं नाही, पण शास्त्राला रीत नसते. दहा मिनिटांत शेजारचा बोसा कुंपणाशी हजर. बोसा पोस्टातून निवृत्त झालाय. आयुष्य खिडकीमागे गेल्यामुळे तो कोणाशीही बोलताना ओरडतोच. त्याने अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की मास्तर, वहिनी घर सोडून गेल्या की काय. मी खोकत बाहेर आलो. माझे डोळे लाल होते. मी त्याला सांगितलं की मोजमाप चाललंय, तर तो म्हणाला मीठ किती घालायचं ते मोजताय का. असल्या माणसाला मी नकाशा दाखवायला नको होता. पण दाखवला, कारण दुसरं कोणी बघायला तयार नव्हतं.

नकाशा असा होता. मागची लहान खोली हेच नवं स्वयंपाकघर. तिथे गॅसची शेगडी, विटांचा ओटा, अंगणाकडे मोठी खिडकी. आणि बैठकीच्या खोलीमधली भिंत पाडायची, म्हणजे उजेड आरपार, हवा आरपार, आणि शेगडीपाशी उभी असलेली गृहिणी पाहुण्यांशी बोलू शकते. हे मी एका कॅलेंडरवर पाहिलं होतं. त्या चित्रातली बाई टोमॅटो चिरताना इतकी आनंदात होती की भिंत हेच मानवी दुःखाचं मूळ आहे अशी माझी खात्री झाली.

तुम्ही म्हणाल, मधे भिंत नको हे ठरवताना सासू आठवली नाही का? नाही आठवली. ही सबब नाही, हे सत्य आहे. भिंत होती तोवर ओबुको मला पाळावा लागतच नव्हता, तो भिंत पाळत होती. रोज पायाखाली येणारा उंबरा माणूस मोजत नाही.

गवंडी किबिरांगो आला. हा माझा जुना विद्यार्थी, आणि गणितात कायम नापास. म्हणून मी त्याच्यावर बारीक नजर ठेवली. भिंत पाडली त्या दिवशी मी मोठ्या दिलाने झोपडीही पाडली. आळीला बोलावलं, दोन शब्द बोललो, धुराचं युग संपलं असं काहीतरी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाकाफेरोने फक्त विचारलं, "नवं होईस्तोवर शिजवायचं कुठे?" मी म्हटलं, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. मग तिने ते तीन दगड उचलून अंगणात आंब्याखाली मांडले आणि वारा फिरेल तसा धूर तिच्यामागे फिरायला लागला.

पाडलेल्या भिंतीच्या विटा वाया घालवायच्या नाहीत म्हणून किबिरांगोने त्यांचाच ओटा रचला. उंची विचारली तेव्हा मी शास्त्रोक्त पद्धतीने सरळ उभा राहिलो, कोपर वाकवलं, आणि म्हटलं, कोपराच्या जरा खाली. त्याने माझ्या कोपराखाली खूण केली. आमच्या घरात स्वयंपाक नाकाफेरो करते आणि तिचं डोकं माझ्या खांद्यालाही लागत नाही, हे त्या वेळी दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. तो गणितात नापास झाला तोही माझ्याच हाताखाली, मी कोणाला दोष देऊ?

पहिल्या दिवशी ती ओट्यासमोर उभी राहिली तर ओटा तिच्या छातीला लागला. मी अभिमानाने उंच स्टूल पुढे केलं. ती चढली, उतरली, पुन्हा चढली. मग मटोकेचं भांडं आणलं. आता मटोके म्हणजे कच्ची केळी पानांत गुंडाळून वाफवायची, आणि भांड्यावर पानांचा हा एवढा डोंगर होतो हे मी सव्वीस वर्षं ताटात पाहत आलो तरी भांड्यात कधी पाहिलं नव्हतं. तो डोंगर वरच्या फळीला अडला. पाण्याची घागर ओट्यावर चढेना. शेवटी तिने सगळं सामान गोळा केलं, आंब्याखाली गेली, चटई पसरली, पाय एका बाजूला घेऊन बसली आणि केळी सोलायला लागली. तिने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

बोसाला मात्र मी स्वयंपाकघर दाखवायला आणलंच. त्याच्यापुढे माघार घेणं शक्य नव्हतं. समारंभाला पाच दिवस उरले होते. मी जमिनीवर खडूने त्रिकोण काढून त्याला बाजू समजावून सांगत होतो, आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. रबरी चपला घातलेली दोन पावलं आत आली. मी खाली वाकलेलो होतो म्हणून वाचलो, चेहऱ्यापर्यंत नजर गेली नाही. नातीच्या समारंभासाठी सासूबाई आल्या होत्या, आणि नेहमीप्रमाणे नेहमीच्या दाराने नेहमीच्या खोलीत शिरल्या होत्या.

मी ओट्यामागे उडी मारली. एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्याने कधी शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं नाही, तो माणूस सिलिंडरला मिठी मारून उकिडवा बसला होता. बोसाने मला वाचवायचं सोडून गप्पा सुरू केल्या. ओरडून ओरडून विचारलं, शेळ्या कशा आहेत, कॉफी कशी आहे. आणि सासूबाई त्याला सगळं सांगत होत्या. हसतही होत्या. माझ्याशी तीन वर्षं नाही, आणि ह्या पोस्टमास्तरशी खिदळताहेत. माझे गुडघे दुखत होते, पण त्याहून दुसरंच काहीतरी जास्त दुखत होतं.

मग त्या थांबल्या. इकडेतिकडे बघत असाव्यात. म्हणाल्या, "माझी भिंत कुठे गेली?"

"मास्तरांनी पाडली," बोसा गरजला.

 गाठोडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने ते परत उचलल्याचा.

माझी सुटका केली ती माझ्या थोरल्या बहिणीने, नामुकासाने. ती नालुलेची आत्या, म्हणजे सेंगा. आमच्यात मुलीच्या लग्नात आईबापाला कोणी विचारत नाही, सेंगा म्हणेल ते. ताईने सासूबाईंना बोसाच्या घरी नेऊन बसवलं, परत आली, आणि मला ओट्यामागून उठायला सांगून खोलीभर नजर फिरवली. मग खुर्ची ओढून बसली आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "जावई जेवायला कुठे बसणार?"

मी बैठकीच्या खोलीकडे बोट केलं.

"आणि कोंबडी कोण शिजवणार?"

मी शेगडीकडे बोट केलं. आणि बोट तसंच राहिलं. जावई इथे आणि जावयाची सासू तिथे, मधे कॅलेंडरवरचा उजेड आणि हवा. नाकाफेरो आता स्वतःच सासू झाली होती, हे गणित मी मांडलंच नव्हतं. जिच्यासाठी हे स्वयंपाकघर बांधलं, तिलाच त्या दिवशी त्यात पाऊल टाकता येणार नव्हतं. तिने आंब्याखाली, धुरात, पाहुण्यांच्या पाठीमागे लपून कोंबडी शिजवायची.

मी वहीत तक्ता आखला. मी आणि माझी सासू एका खोलीत नकोत. मुग्वान्या आणि त्याची सासू एका खोलीत नकोत. खोली एकच. चार तास मांडणी करून बघितली. सगळ्यांसमोर मोकळेपणाने वावरू शकतील अशी दोनच नावं उरली: नामुकासाताई आणि कोंबडी. त्यातही कोंबडीचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून मी चहाचा कप उचलला की हाताकडे बघायचो. तो कापत होता. बोसा म्हणे, बघितल्यामुळे कापतोय. सासूबाईंचा मुक्काम त्याच्याकडेच होता आणि ह्याचा त्याला अतोनात आनंद झाला होता. कुंपणापलीकडून रोज त्यांचं हसणं ऐकू यायचं. शेवटी तोच एक उपाय घेऊन आला: झाडाच्या सालीचं मोठं कापड, मधे टांगायला. कापड सुंदर होतं. ताईने ते हातात घेतलं आणि विचारलं की हे कोणाच्या प्रेताला गुंडाळायला आणून ठेवलं होतं. बोसाने खाली मान घालून सांगितलं की स्वतःच्याच. ताईने ते घडी घालून परत दिलं आणि निकाल दिला की भिंत हवी.

भिंत पाडताना आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं. बांधायची म्हटल्यावर मात्र गावसभेचे अध्यक्ष डुंगू ह्यांचं पत्र लागतं असं निघालं. घरात का होईना, भिंत म्हणजे बांधकाम. मी अर्ज घेऊन गेलो. अर्जात एक रकाना होता, भिंतीचा उद्देश: राहणे, दुकान, जनावरे, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, सासू.

डुंगूंनी चष्मा काढला. "किती सासवा?"

"दोन."

ते गंभीर झाले. म्हणाले, हे जनावरांपेक्षा निकडीचं आहे. पण शिक्का चिटणिसाच्या कपाटात, चिटणीस मामाच्या दफनाला दुसऱ्या गावी, आणि किल्ली त्याच्या खिशात. डुंगू भला माणूस; त्यांनी मला बाकावर बसवून स्वतःच्या सासूच्या तीन गोष्टी सांगितल्या. चिटणीस दोन दिवसांनी उगवला. शिक्का उमटला तेव्हा समारंभाला दोनच दिवस राहिले होते.

किबिरांगो म्हणाला, सर, भिंत दोन दिवसांत होईल, पण विटा कुठे आहेत? गावातल्या भट्टीतल्या विटा अजून ओल्या होत्या. कोरड्या विटा सगळ्या मित्यानात एकाच ठिकाणी होत्या, माझ्या ओट्यात. मी नाही म्हणालो. चार आठवड्यांचा अभ्यास होता तो. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू त्यावर उभा होता. मी त्याला दुसरं काही सुचतंय का बघायला सांगत होतो, इतक्यात नाकाफेरो आत आली, कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. सव्वीस वर्षांत मी तिला इतकी खुशीत फार वेळा पाहिलेली नाही.

ओटा एका दुपारी गेला. पण दोनदा पाडलेल्या विटा किती टिकणार, निम्म्या फुटल्या. समारंभाच्या आदल्या दिवशी भिंत माझ्या कमरेच्या जरा वर येऊन थांबली, आणि विटा संपल्या. किबिरांगो म्हणाला, उरलेली सोमवारी पुरी करतो. मी त्या अर्धवट भिंतीकडे आणि तिच्यापलीकडच्या मोकळ्या जमिनीकडे बघत बसलो. ओटा नाही, फळी नाही, स्टुलाचं काही प्रयोजन नाही. खडूचा त्रिकोण तेवढा शिल्लक होता. उभं राहिलं की ह्या बाजूचं सगळं त्या बाजूला दिसत होतं. माझी इज्जत धुळीला मिळाली होती आणि त्या धुळीत सिमेंटही मिसळलेलं होतं.

दिवस उजाडला. अंगणात मांडव, दोन्हीकडचे बोलके वक्ते, गाणी, भेटीच्या टोपल्या. सगळं झालं. मग ताईने मुग्वान्याला आणि त्याच्या दोन सोबत्यांना घरात आणलं. उंच माणूस तो, उभा राहिला असता तर भिंतीपलीकडची मोरीसुद्धा दिसली असती. ताईने दारातच हुकूम दिला की गुडघ्यांवर या. तसेही जावई सासऱ्याच्या घरी चटईवर बसतात, पण गुडघ्यांवर चालत खोली ओलांडणारा गुरांचा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. मीही चटईवर बसलो. भिंत आता आमच्या सगळ्यांच्या डोक्यांच्या वर होती.

आणि पलीकडे? पलीकडे नाकाफेरो उभी नव्हतीच. ती कधीच उभी राहणार नव्हती. तिने माझ्या त्रिकोणाच्या बरोबर मध्यावर चटई पसरली होती, शेगडी जमिनीवर, पानांचा डोंगर कशालाही न अडता, मोठी खिडकी सताड उघडी. बाजूला तिची आई. दोघी जमिनीवर बसून काम करत होत्या आणि आम्हाला त्यांच्या डोक्यावरच्या फडक्याचं टोकही दिसत नव्हतं. मी सहा आठवडे त्रिकोणाच्या बाजू मोजल्या; आत माणूस बसतं हे मला सुचलं नव्हतं. बसायला जागा, असं ती म्हणाली होती.

थोड्या वेळाने भिंतीवर दोन हात आले. फक्त हात, मनगटापर्यंत, आणि त्यांत पानात बांधलेली कोंबडी. ताईने ती घेतली आणि मुग्वान्यापुढे ठेवली. त्याने त्या हातांकडे मान लववली. पान उघडलं तेव्हा घरभर वास सुटला, आणि त्या वासात धूर नव्हता.

मी भिंतीजवळ सरकलो. दर वेळी विचारायचो म्हणून विचारलं, उत्तर येईल असं वाटत नव्हतंच. "कशा आहात, मा?"

"बरी आहे, जावईबापू," पलीकडून आवाज आला. "तीन वर्षांनी तोंड उघडलंत."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "मी दर वेळी विचारत होतो, मा."

"काय?"

"दर वेळी विचारत होतो!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा सासूवर आवाज चढवला, तोही नव्या जावयासमोर.

"ओरडू नका, येतंय ऐकू. भिंत बुटकी आहे ना." मग म्हणाल्या, "मला नव्हतं हो काही ऐकू येत. मला वाटलं, स्वयंपाकघराचा शब्द राहून गेला म्हणून तुम्हाला लाज वाटते, आणि तुम्ही बोलायचं सोडलंत. मी रेडिओ लावून बसायची. म्हटलं, भल्या माणसाला आणखी कशाला लाजवा."

"मी सांगितलं होतं, मोठ्याने बोला," नाकाफेरो म्हणाली.

 मुग्वान्या शहाणा मुलगा, तो ताटात बघत राहिला. मी कसंबसं म्हटलं, "मा, स्वयंपाकघर झालं बरं का."

"त्यातच तर बसलेय. चांगलं झालंय. नुसती जमीनच आहे, पण ऐसपैस आहे. आणि हिचे डोळे बघितले मी आज. लाल नाहीत." मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मते खाली आणून, म्हणाल्या, "त्या पोस्टमास्तरकडे मला परत पाठवू नका. फार बडबडतो."

सोमवारी किबिरांगो सुक्या विटा घेऊन आला. मी त्याला सांगितलं की पायाचा अंदाज चुकलाय. पुढच्या सोमवारी सांगितलं की पत्रातल्या शिक्क्याची मुदत संपली. त्याच्या पुढच्या सोमवारी माझी पाठ दुखत होती. चौथ्या वेळी त्याने विटा उतरवल्याच नाहीत, नुसता माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सर, तुमचं नाव अगदी बरोबर ठेवलंय." भिंतीपलीकडून मा हसल्या. हल्ली त्या महिन्यातून एकदा येतात, आणि त्यांना सगळं ऐकू जातं.